वास्तववादाची अपुरी साक्ष

अमेरिकेच्या ज्या कालखंडाला मार्क ट्वेन आणि चार्ल्स डडली वॉर्नर यांनी १८७३ साली आपल्या कादंबरीच्या नावातच मुलाम्याचे युग ठरवून टाकले, त्याविषयी अलीकडे जे काही वाचावयास मिळते त्यात मुलाम्याचेच कौतुक इतके असते की, ते नाव निर्भर्त्सनेने दिलेले होते याचा वाचकाला विसर पडावा. न्यूपोर्टच्या वाड्यांतील झुंबरे, फिफ्थ ॲव्हेन्यूवरील मेजवान्या आणि धनाढ्यांच्या कन्यांचे विवाह यांच्या वर्णनात 'द हाउस ऑफ मर्थ'सारखी कादंबरीही ओढली जाते; आणि लिली बार्टच्या ऱ्हासाचा हिशेब पै-पैने मांडणारी ईडिथ व्हॉर्टन ही त्या दिवाणखान्यांची भाट होती, अशी समजूत पसरते. हा अन्याय मोठाच. परंतु ज्या अन्यायाने मला लेखणी हाती घ्यावयास लावले, तो याहून जुना आहे आणि गंभीर समीक्षकांच्या हातून घडत आला आहे.

हे समीक्षक त्या काळच्या कादंबरीचा इतिहास एका ठरीव क्रमाने सांगतात: हॉवेल्सने वास्तववादाचे दार उघडले, स्टीफन क्रेनने 'मॅगी' टोपणनावाने व पदरमोड करून छापून दरिद्री वस्तीला वाङ्मयात आणले, फ्रँक नॉरिसने 'मॅकटीग'मध्ये लोभाचे शवविच्छेदन केले आणि १९०० साली ड्रायझरच्या 'सिस्टर कॅरी'ने या मंदिरावर कळस चढविला. हातोहात खपणाऱ्या सरदारी प्रणयकथांची दखल घेण्याचे कारण नाही; जॅक लंडनचा जोम तत्त्वज्ञानाच्या घोषणांखाली दबून गेला; आणि हेन्री जेम्स तोवर मनाने इंग्लंडचा झालेला होता. ड्रायझरविषयी मात्र मला आदर आहे. शिकागोत आलेली एक सामान्य मुलगी कसल्याही प्रायश्चित्तावाचून वर चढत जाते, आणि प्रतिष्ठित हर्स्टवुड पायरी-पायरीने घसरत न्यूयॉर्कमधील एका भाड्याच्या खोलीत गॅस सोडून मरतो, हे त्या काळी लिहिण्यास धैर्य लागत होते. प्रकाशकाने करार मोडता येईना म्हणून जेमतेम हजारभर प्रती छापल्या आणि त्यांतील पाचशेही खपल्या नाहीत, ही हकीकत प्रत्येक इतिहासात वास्तववादाच्या हौतात्म्याची कथा म्हणून येते.

परंतु ड्रायझरच्या जगात हर्स्टवुडला बुडविणारा कोणी नाही. शहर, वासना, परिस्थिती आणि यदृच्छा या अदृश्य शक्तींनीच सर्व घडते; आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावे असे मनुष्य तेथे सापडत नाही. नियतीच्या माथी दोष मारणारा हा वास्तववाद कितीही भेदक वाटला, तरी त्याच्या साक्षीने कोणालाही शिक्षा होत नाही. ज्याने ती साक्ष पुरी दिली, त्या चार्ल्स चेस्नटला आमचे समीक्षक कृष्णवर्णीय लेखकांच्या वेगळ्या प्रकरणात बसवितात आणि पुढे जातात.

चेस्नट १८५८ साली क्लीव्हलँड येथे जन्मला आणि नॉर्थ कॅरोलिनातील फेएटव्हिल येथे वाढला. त्याचा वर्ण इतका गोरा होता की, त्याला गोरा म्हणून सुखाने जगता आले असते. त्याने ते नाकारले. १० नोव्हेंबर १८९८ रोजी विल्मिंग्टन शहरात सशस्त्र गोऱ्या जमावाने कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राची कचेरी जाळली आणि निवडून आलेल्या नगरशासनाला धाकाने राजीनामे द्यावयास लावले. त्या प्रकरणावर त्याने 'द मॅरो ऑफ ट्रॅडिशन' ही कादंबरी १९०१ साली प्रसिद्ध केली. जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' गुलामीविरुद्ध झटलेल्या ज्या अमेरिकन सज्जनांना अर्पण केली, त्यांच्या कार्याचे त्यानंतर अवघ्या पंचवीस वर्षांत काय झाले होते, हे मराठी वाचकाने चेस्नटच्या या कादंबरीत अवश्य पाहावे.

युरोपात शिकून आलेला कृष्णवर्णीय डॉक्टर मिलर आपल्या गोऱ्या गुरूबरोबर आगगाडीने येत असता, व्हर्जिनियाच्या हद्दीत त्याला डबा बदलावयास लावतात. सर्वोच्च न्यायालयाने १८९६ साली ज्या विभक्त डब्यांवर कायद्याची मोहोर उठविली होती, त्यांचा अर्थ चेस्नट या एका प्रसंगात सांगतो. पुढे शहरात जो रक्तपात होतो, त्यात निसर्गनियम नाही की नियती नाही. संपादक कार्टरेट आणि त्याचे दोन सोबती एका वृत्तपत्राच्या कचेरीत बसून, मुहूर्त पाहून, तो घडवून आणतात. कथेतील दोन सावत्र बहिणींची गाठ जुळविताना कथानक योगायोगांवर फार भार टाकते, हा आक्षेप मला मान्य आहे. पण योगायोग ड्रायझरच्याही पुस्तकात आहेत: हर्स्टवुडच्या हाती पैसे असतानाच तिजोरीचे दार आपोआप लागते! एकाला जे क्षम्य ठरते, ते दुसऱ्याच्या खाती दोष म्हणून का मांडावे?

चेस्नटच्या कथांची मनापासून स्तुती करणाऱ्या हॉवेल्सलाच ही कादंबरी कडवट वाटली. आपल्या पंथाच्या आचार्याने सत्याला कडवटपणाचे दूषण द्यावे, याहून त्या पंथाच्या मर्यादेचा अधिक स्पष्ट पुरावा कोणता हवा? आणि ज्या डबलडे, पेज कंपनीने ड्रायझरचे पुस्तक नाइलाजाने छापल्याची कथा आपण वारंवार सांगतो, तिनेच १९०५ साली चेस्नटची 'द कर्नल्स ड्रीम' आणि टॉमस डिक्सनची 'द क्लॅन्समन' ही दोन्ही पुस्तके प्रसिद्ध केली. कू क्लक्स क्लॅनच्या दहशतीला शौर्य ठरविणाऱ्या डिक्सनचे विष नाटकातून आणि १९१५ साली ग्रिफिथच्या चित्रपटातून देशभर पसरले. चेस्नटला वाचक मिळाला नाही. दडपल्या गेलेल्या 'सिस्टर कॅरी'ला पुढे वाचक मिळाले, तिचा लेखक मोठा झाला. मग हौतात्म्य कोणाचे?

लेखनावरच जगण्याच्या आशेने चेस्नटने १८९९ साली लघुलेखनाचा चांगला चाललेला व्यवसाय बंद केला होता. 'द मॅरो ऑफ ट्रॅडिशन'च्या अपयशानंतर तो क्लीव्हलँडमध्ये त्याच व्यवसायाकडे परतला. १९०५ नंतर त्याची एकही नवी कादंबरी त्याच्या हयातीत छापली गेली नाही. १९३२ साली तो वारला, तेव्हा 'द क्वारी'चे हस्तलिखित त्याच्या कागदपत्रांत पडून होते. ते १९९९ साली छापले गेले.