मिशोतचा धक्का : दिसतो की वाटतो?

कॅरमची एक सोंगटी दुसरीवर सरळ आदळून थांबते आणि दुसरी पुढे सरकते. पहिलीने दुसरीला ढकलले, हे आपल्याला दिसते की आपण तसे मानतो? अठराव्या शतकात डेव्हिड ह्यूमने बिलियर्डच्या चेंडूंचे उदाहरण घेऊन म्हटले होते, की डोळ्यांना दिसतात त्या फक्त एकामागोमाग होणाऱ्या हालचाली. कारणाची कल्पना सवयीने येते. बेल्जियन मानसशास्त्रज्ञ आल्बेर मिशोत यांनी १९४६ साली फ्रेंचमध्ये लिहिलेला कार्यकारणभावाच्या संवेदनावरील ग्रंथ (इंग्रजी भाषांतर १९६३) या मताला आव्हान देतो.

ग्रंथाचे खरे बळ त्यातील प्रयोगांत आहे. फिरत्या तबकडीवर रंगवलेले वक्र पट्टे आणि तिच्यापुढे अरुंद फटीचा पडदा, एवढेच साहित्य. फटीतून दोन छोटे चौकोन सरकताना दिसतात. पहिला टेकताच दुसरा निघाला, तर धक्का दिसतो. सेकंदाचा पाचवा भाग उशीर केला की तो नाहीसा होतो. दुसरा फारच वेगाने निघाला, तर तो आपणच सुटला, पहिला केवळ निमित्त झाला, असे वाटते. हे नुसते रंगाचे पट्टे आहेत हे माहीत असूनही धक्का दिसतच राहतो!

यावरून मिशोत म्हणतात, की हा अनुभवातून शिकलेला अर्थ नव्हे. इथे मात्र ते पुराव्याच्या पुढे जातात. विचारपूर्वक केलेले अनुमान यातून बाद होते, सवय नाही. पक्की सवयही माहितीला जुमानत नाही. शिवाय बरेच निष्कर्ष स्वतः मिशोत व त्यांचे सहकारी अशा मोजक्या निरीक्षकांवर उभे आहेत. लेस्ली आणि कीबल यांना १९८७ साली सहा महिन्यांच्या बाळांतही या फरकाची जाण आढळली. पण सहा महिन्यांत बाळ थोडे का पाहते? २०१३ साली रॉल्फ्स व सहकाऱ्यांनी दाखवले, की असे धक्के पुन्हापुन्हा पाहिल्यावर दृष्टिपटलाच्या त्याच जागी पडणाऱ्या संदिग्ध दृश्यात धक्का कमी वेळा दिसतो. म्हणजे धक्का दिसतो, हे मिशोत यांचे म्हणणे टिकते. तो उपजत दिसतो, हे अजून सिद्ध व्हायचे आहे.

शिक्षकांच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ग्रंथात जवळजवळ अस्पर्शित राहिली आहे. दिसणारा धक्का एकतर्फी असतो. न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार दोन्ही सोंगट्या एकमेकींवर सारखेच बल लावतात. 'पहिलीने बल लावले, दुसरीवर लागले,' असे लिहिणारा विद्यार्थी डोळ्यांना दिसले तेच लिहीत असतो. त्याला विचारावे : मग पहिलीला थांबवले कोणी?