‘बघतो’ म्हणजे हो की नाही?

आता आपण फर्नांडो फ्लोरेस यांच्याकडे येऊ. चिलीत आयेंदे सरकारात मंत्री, १९७३ च्या लष्करी उठावानंतर तीन वर्षं तुरुंगात, मग कॅलिफोर्निया. ऑस्टिन आणि सर्ल यांचा भाषाविचार त्यांनी कचेरीत आणला: कामं चालतात ती विनंत्या आणि वचनांवर. राफाएल एचेवेरिया, हुलिओ ओलाया यांनी पुढे त्यातून ‘ऑन्टॉलॉजिकल कोचिंग’ उभं केलं. माणूस जसं बोलतो तसा घडत जातो, म्हणून कोच आधी बोलण्याकडे बघतो.

यातला विधान आणि अभिप्राय हा भेद आम्हाला मोलाचा वाटतो. ‘तो तीनदा उशिरा आला’ हे तपासता येतं. ‘तो बेजबाबदार आहे’ हा कुणाचातरी अभिप्राय असतो. अप्रेझलचे फॉर्म या चाळणीतून काढून बघा एकदा!

अडचण येते विनंतीपाशी. नकार देता आला तरच ती विनंती, नाहीतर हुकूम, असं हीच मंडळी सांगतात. बरं, आपल्याकडे साहेब संध्याकाळी सहाला म्हणतात, ‘तेवढं जरा बघा ना.’ आपण म्हणतो, ‘बघतो सर.’ हा होकार नाही, नकारही नाही. नोकरी सांभाळून मिळवलेली थोडी सवड आहे. कोच मात्र ही तुमची सवय धरतो आणि ठामपणे नाही म्हणायला शिकवतो. ज्याचं कंत्राट मार्चमध्ये संपतंय, त्याने ते शिकून करायचं काय? फी तर कंपनीच भरते ना? मग आधी साहेबांना बसवावं, आणि ‘बघतो’ ऐकल्यावर ‘जमत नसेल तर सांगा, चालेल’ एवढं म्हणायचा सराव त्यांच्याकडून करून घ्यावा, असं आम्ही म्हणू.