रेघ कोण ओढतं? शेअरच्या आलेखामागच्या कोडची चिकित्सा

आजचा विषय जाहीर झाल्यावर काहींनी विचारलं, तत्त्वज्ञानाच्या माणसाला एक्सेलच्या शीटमध्ये काय शोधायचंय? तर सांगतो. एखादी गोष्ट आपल्याला कळली असं आपण म्हणतो, ती कोणत्या साधनानं कळली आणि ते साधन किती भरवशाचं, हा आमच्या शास्त्रातला फार जुना प्रश्न आहे. आज कितीतरी घरांत ग्रॅच्युइटीचे पैसे कुठे ठेवायचे हे एका आलेखाकडे बघून ठरतं. मग त्या आलेखाची प्रमाण म्हणून तपासणी करायला नको?

आधी हा आलेख तयार कसा होतो ते बघू. शेअर बाजाराच्या भावांची फाइल मिळते. तिच्यात तारीख, उघडता भाव, दिवसाचा उच्चांक, नीचांक, बंद भाव असे रकाने असतात. कोणीतरी व्हीबीएमध्ये वीस-पंचवीस ओळींचा मॅक्रो लिहितो. फाइल उघड, रकाने उचल, चार्ट जोड, वर कंपनीचं नाव टाक. बटण दाबलं की पन्नास कंपन्यांचे पन्नास आलेख तयार. हात लागला नाही, म्हणजे यात कोणाचं मत नाही, असं आपल्याला वाटतं. माझा आक्षेप नेमका इथे आहे.

विल्यम प्लेफेअरनं १७८६ साली इंग्लंडच्या व्यापाराचे आलेख छापले, तेव्हा अक्ष कुठून सुरू करायचा हे त्याला स्वतः ठरवावं लागलं. मॅक्रो लिहिणारा बहुतेक वेळा हे ठरवतच नाही. 'मिनिमम स्केल'ची ओळ तो लिहीत नाही. पण न लिहिलेल्या ओळीचाही निर्णय होतोच, फक्त तो एक्सेल घेतं. साध्या रेषालेखात एक्सेलचा नियम असा: सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा यांतला फरक मोठ्या आकड्याच्या सहाव्या हिश्श्याहून जास्त असेल, तर उभा अक्ष शून्यापासून. कमी असेल, तर वरून कुठून तरी.

आता गंमत बघा. एक शेअर वर्षभरात १,००० वरून १,१०० वर गेला. दुसरा १,००० वरून १,३०० वर. पहिल्याचा अक्ष साडेनऊशेच्या आसपास सुरू होणार, दुसऱ्याचा शून्यापासून. म्हणजे दहा टक्के वाढलेला शेअर अर्धं चित्र चढून जाताना दिसणार आणि तीस टक्के वाढलेला जेमतेम पाचवा हिस्सा. शांत शेअर खवळलेला दिसतो, खवळलेला शांत. मॅक्रो एकच, बटण एकच. इथे कोणी फसवलेलं नाही. फसवणारा असता तर त्याला निदान जाब तरी विचारता आला असता.

दुसरा मुद्दा मोजपट्टीचा. २८ एप्रिल १९९२ला सेन्सेक्स ५७० अंकांनी पडला. हर्षद मेहता प्रकरणाचे ते दिवस. २३ मार्च २०२०ला, करोनाच्या सुरुवातीला, तो ३,९३५ अंकांनी पडला. अंक बघितले तर दुसरी पडझड जवळपास सातपट. पण टक्क्यांत पहिली सुमारे पावणेतेरा, दुसरी सुमारे सव्वातेरा. ज्याचे लाख रुपये गुंतले होते त्याचे दोन्ही दिवशी सारखेच बुडाले. साध्या मोजपट्टीवर सेन्सेक्स ऐंशी हजारांपर्यंत काढा, १९९२चा तो दिवस तळाशी एक टक्का उंचीचाही उरत नाही. ज्यांनी तो सोसला त्यांचा अनुभव चित्रातून पुसला जातो, आणि नव्या माणसाला वाटतं की बाजार पूर्वी शांतच होता. उपाय मॅक्रोमधल्या एका ओळीचा आहे. 'स्केल टाइप' लॉगरिदमिक करायचा, मग सारख्या टक्क्यांना सारखी उंची मिळते. ती ओळ लिहायची की नाही, हा तांत्रिक प्रश्न नाही. नुकसान रुपयांत मोजायचं की प्रमाणात, हा तो प्रश्न आहे.

तिसरा मुद्दा आकड्यांचाच. ऑक्टोबर २०२४मध्ये रिलायन्सनं एकास एक बोनस दिला. २,६५० रुपयांच्या आसपासचा भाव एका रात्रीत १,३३०च्या आसपास आला. भागधारकाचं काहीच गेलं नाही, एकाचे दोन शेअर झाले. पण कच्चे भाव घेणाऱ्या मॅक्रोला हे कळायचं कसं? तो इमानदारीनं कडा कोसळल्यासारखी रेघ ओढतो. उलट जुने भाव बोनसप्रमाणे कमी करून घेतले, तर आलेखात असे भाव दिसतात, ज्यांना त्या दिवशी प्रत्यक्ष कोणीच सौदा केला नव्हता. तुलनेसाठी दुसरी पद्धतच बरी. पण आलेखाखाली तसं लिहिलेलं किती वेळा दिसतं?

काळाचंही तसंच. आडवा अक्ष तारखांचा ठेवला की शनिवार-रविवारच्या मोकळ्या जागा पडतात. नको म्हणून तो साध्या नावांचा अक्ष केला, की चार दिवसांच्या सुट्टीची रुंदी एका रात्रीइतकी होते. लक्ष्मीपूजनाच्या मुहूर्ताचा तासाभराचा व्यवहार आणि नेहमीचा सव्वासहा तासांचा दिवस शेजारी शेजारी सारख्याच जाडीनं उभे राहतात. हा काळ पंचांगातला की बाजारातला? कोणताही घ्या, पण घेतलाय हे सांगा.

आता आमच्या शास्त्राकडे येतो. दिङ्नागाच्या मते प्रत्यक्ष म्हणजे कल्पनेचा स्पर्श नसलेलं ज्ञान. त्या कसोटीवर आलेख प्रत्यक्षात कुठेच बसत नाही. त्यात कल्पना पावलोपावली आहे. तरी आपण म्हणतो, "बघा ना, दिसतंय की!" दिसतंय म्हणून जे सांगितलं जातं, ते खरं तर अनुमान असतं.

याची हद्द होते ट्रेंडलाइनमध्ये. मॅक्रोत एक ओळ टाकली की भावांतून सरळ रेघ निघते. त्यातच 'फॉरवर्ड' म्हणून आकडा दिला की रेघ आजच्या तारखेपुढे तितकी घरं जाते. भविष्यकाळ एका आकड्यात! नैयायिक इथे थांबवतो. धूर दिसला की अग्नी आहे म्हणता येतं. पण अग्नी दिसला की धूर असेलच असं म्हणता येत नाही, कारण धुराला ओलं सरपण लागतं. त्या ओल्या सरपणाला ते उपाधी म्हणतात. भाव आजवर चढले ते कशामुळे? व्याजदर, नफा, की नुसता पैशाचा ओघ? ती अट उद्या टिकेल का? मॅक्रो हे विचारत नाही, विचारू शकत नाही. त्याला ठिपके माहीत, सरपण माहीत नाही.

एवढं बोलून मी कोडच्या विरोधात आहे असं समजू नका. उलट कोडचा एक मोठा गुण आहे. हातानं आलेख काढणाऱ्यानं काय ठरवलं ते त्याच्यापाशीच राहतं. मॅक्रोत प्रत्येक निर्णय ओळीनं लिहिता येतो आणि दुसऱ्याला तो वाचता येतो. असा साक्षीदार क्वचित मिळतो. आणि आपण काय करतो? चित्र गावभर पाठवतो आणि साक्षीदाराला घरी कोंडून ठेवतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. जो मॅक्रो लिहितो, त्यानं चार गोष्टी गप्प राहून ठरू देऊ नयेत: अक्ष कुठून, मोजपट्टी कोणती, भाव कच्चे की बोनस धरून, आणि काळ कोणता. त्यासाठी चार ओळी जास्त लागतात. आणखी चार ओळींत हेच मजकूर म्हणून आलेखाच्या तळाशी छापता येतं. बघणाऱ्यानंही पैसे काढण्याआधी किंवा घालण्याआधी हे चार प्रश्न विचारावेत. उत्तर मिळालं नाही, तर तो आलेख भिंतीवरच्या चित्रासारखा बघावा आणि निर्णय दुसऱ्या कशावर तरी घ्यावा.

इथे थांबतो. तुमचे प्रश्न असतील तर घेऊ या.