अमर अकरा आणि एक हाफ

पंतप्रधान कोणी व्हावे, भाचीला स्थळ कोणते पाहावे आणि भारताच्या हॉकी संघातले आजवरचे सर्वश्रेष्ठ अकरा खेळाडू कोणते, या तीन गोष्टी ठरवायला आपल्याकडे कसलीही पात्रता लागत नाही. त्यातही तिसरी सर्वांत सुखाची. पंतप्रधान पुढे पाच वर्षे ऐकावा लागतो, भाचीचा नवरा दिवाळसणाला येतो. पण अमर अकरांतून गाळलेला खेळाडू जाब विचारायला मानोऱ्यापर्यंत येत नाही.

आमच्या मानोऱ्यात ही निवड समिती बस स्टँडजवळच्या एका हॉटेलात बसते. सदस्य चार. एक निवृत्त गुरुजी, एक कापसाचे अडते (त्यांना सगळे शेटजी म्हणतात), एक तरुण कम्पाउंडर आणि अस्मादिक. चौघांपैकी एकानेही ध्यानचंदांना खेळताना पाहिलेले नाही. त्यात कमीपणा कसला? वऱ्हाडात समुद्रही कोणी पाहिलेला नसतो, तरी भरती-ओहोटीवर बोलायला कोणी अडत नाही. आम्हा जुन्या तिघांची हॉकी तर कानांनीच पाहिलेली. १५ मार्च १९७५ ला क्वालालंपूरमध्ये विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, तेव्हा जसदेव सिंगांच्या आवाजाबरोबर अख्खे हॉटेल गोलच्या दिशेने धावत होते. आधी पाकिस्तानचा गोल, मग सुरजितसिंगचा, मग अशोककुमारचा. दोन-एक! शेटजींनी त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला. तो शेटजींनी पाजलेला शेवटचा चहा, म्हणूनही ती तारीख गावाच्या लक्षात आहे.

आता हा ‘अमर अकरा’ नावाचा जो समीक्षाप्रकार आहे, त्यावर माझा मुख्य आक्षेप असा की ती समीक्षा नसते, बेरीज असते. शेटजींचा सिद्धान्त सरळ आहे : “गोल कोनं हानले थे सांगा, बाकीचं जाऊ द्या.” या हिशेबाने अकराच्या अकरा फॉरवर्ड निघतात आणि मागे गोलपोस्टजवळ चिटपाखरू उरत नाही. शेटजींचा लाडका पुरावा म्हणजे १९३२ चे लॉस एंजेलिस. भारताने अमेरिकेला चोवीस-एक असे हरवले. रूपसिंगांचे दहा, ध्यानचंदांचे आठ. या चोवीस गोलांवर शेटजी गेली कित्येक वर्षे व्याज खात आहेत. त्यांना मी एवढेच सांगतो, की त्या वेळी ऑलिंपिकच्या हॉकीत संघ होते तीन. अमेरिका जपानकडूनही नऊ-दोनने हरली आणि दोन्ही सामने गमावून कांस्यपदक घेऊन घरी गेली. घरी जायला तिला लांबही पडले नसेल म्हणा, स्पर्धा तिच्याच देशात होती! रूपसिंग थोर होते यात वाद नाही. पण त्यांचे थोरपण त्या चोवीसांत शोधणे म्हणजे गवयाची पारख त्याच्या रियाजावरून करण्यासारखे आहे. त्यापेक्षा १५ ऑगस्ट १९३६ घ्या. बर्लिन, समोर यजमान जर्मनी आणि निकाल आठ-एक. त्याच जर्मनीने स्पर्धेआधीच्या सरावसामन्यात आपल्याला चार-एकने हरवले होते. आता बोला.

गोलकीपरच्या बाबतीत तर बेरीज उलटी फिरते. १९२८ च्या ॲमस्टरडॅमला भारताने पाच सामन्यांत एकोणतीस गोल केले आणि एकही खाल्ला नाही. गोलात रिचर्ड ॲलन. लॉस एंजेलिसचा तो एकमेव अमेरिकन गोल झाला तेव्हा हे गृहस्थ गोलपोस्टमागे सह्या देत उभे होते अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, ज्या गोलकीपरला सह्या देण्याइतकी फुरसत होती असे लोकांना वाटते, त्याची परीक्षा कशी घ्यायची? माझे मत शंकर लक्ष्मण यांना. १९५६ मेलबर्न, १९६० रोम, १९६४ टोकियो. तीन अंतिम सामने, तिन्ही वेळा समोर पाकिस्तान. निकाल एक-शून्य, शून्य-एक, एक-शून्य. तिन्ही सामन्यांत मिळून दोन्ही बाजूंचे गोल तीन! म्हणजे या माणसाने तीन ऑलिंपिके सुरीच्या धारेवर उभे राहून काढली, तीही डोक्यावर शिरस्त्राण नसताना. कम्पाउंडरचे मत श्रीजेशला. त्याने टोकियो आणि २०२४ चे पॅरिस मोबाइलवर पाहिलेले आहे. जर्मनीविरुद्ध पाच-चार असताना अखेरच्या क्षणी श्रीजेशने अडवलेला पेनल्टी कॉर्नर तो आम्हाला चहाची बशी आडवी धरून दाखवतो. मी श्रीजेशला नावे ठेवत नाही. दहा खेळाडूंनिशी ब्रिटनला रोखून धरणाऱ्या संघाचा तो गोलकीपर. त्याला नावे ठेवणारा मी कोण? पण न झालेल्या गोलाची नोंद कुठल्याच वहीत नसते, आणि लक्ष्मण यांच्या काळी ती दाखवायला मोबाइलही नव्हता. महूचा हा माणूस २००६ साली हलाखीत, आजारपणात गेला. शेटजी हे ऐकून थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “लक्ष्मन घ्या. लिहा.” आमच्या समितीत एकमताने झालेला ठराव हा एकच.

गुरुजींचा आक्षेप मात्र मूलभूत असतो. “खेळायचे कुठे?” ध्यानचंद गवतावर खेळले. १९७६ ला मॉन्ट्रियलमध्ये ऑलिंपिकची हॉकी पहिल्यांदा कृत्रिम मैदानावर गेली आणि आठ वेळचे सुवर्णपदकवाले... चुकलो नाही, तोवरची सातच. आठवे १९८० चे मॉस्कोचे... तर ते सातवेळचे सुवर्णपदकवाले थेट सातव्या क्रमांकावर आले. पुढे ऑफसाइडचा नियमही गेला. मग या अमर संघाला कुठे उतरवणार? कम्पाउंडरने तोड काढली : अर्धा खेळ गवतावर, अर्धा निळ्या टर्फवर. मी म्हटले, आपल्या काळ्या मातीवर खेळवू. एप्रिलमध्ये तिला अशा भेगा पडतात की चेंडूच काय, पुरा लेफ्ट-इन आत जाईल. आणि जुलैत गोलकीपरला जागेवरून हलवायला बैलजोडी लागेल. शेवटी असे ठरले की संघ जुन्याच पद्धतीचा, पाच-तीन-दोन-एकचा निवडावा. कारण तात्त्विक नव्हते. लेफ्ट-इन, राइट-हाफ हे शब्दच आम्हाला येतात.

सेंटर फॉरवर्डवर दोन दिवस गेले. एका जागेला माणसे दोन, दोघांकडेही सुवर्णपदके तीन-तीन. बलबीरसिंगांनी १९५२ च्या हेलसिंकीत अंतिम सामन्यातल्या सहापैकी पाच गोल एकट्याने मारले. शेटजी बलबीरांच्या बाजूने होते, पण त्यांच्या बाजूत एक घोटाळा होता. १९६८ च्या मेक्सिकोला गेलेल्या संघात बलबीरसिंग नावाचे तीन खेळाडू होते, आणि शेटजी ते तिघे व हेलसिंकीचे थोरले बलबीर यांना एकच धरून चालले होते. “येकच मानूस किती वर्सं खेयला, बाप्पा!” त्यांची समजूत काढायला अर्धा तास आणि चार हाफ चहा लागले. मी ध्यानचंदांना मत दिले ते गोलांसाठी नव्हे. ज्यांच्याबद्दल आजूबाजूचे चार फॉरवर्ड म्हणत की यांच्याशेजारी खेळलो म्हणून आमचे गोल झाले, तो माणूस मध्यभागी हवा. बलबीर बाकावर. गुरुजी माझ्याशी पुढचे दोन दिवस ‘अहो-जाहो’ने बोलले.

धनराज पिल्लैच्या वेळी मी मराठी बाणा काढला. खडकीचा पोरगा, मोडक्या स्टिकांवर खेळ शिकलेला. चार ऑलिंपिके, चार विश्वचषक, चार आशियाई स्पर्धा. १९९८ ला बँकॉकमध्ये कप्तान म्हणून सुवर्ण आणले आणि परत आल्यावर संघाबाहेर झाला. शेटजींचा एकच प्रश्न : “ऑलिंपिकचं पदक कुठी हाय?” मी म्हटले, शेटजी, या हिशेबाने चोवीस गोल खाणारा तो अमेरिकन गोलकीपर धनराजपेक्षा मोठा. शेटजींनी वहीकडे पाहिले, अमेरिकेचे व्याज पहिल्यांदाच अंगावर आले आणि धनराज विंगेवर आला.

उरली हाफलाइन. हाफ हा संघातला बैल. पुढच्यांना चेंडू नेऊन द्यायचा आणि मागच्यांवरचा मार आपण घ्यायचा. पिकाला नाव मात्र मालकाचे. लेस्ली क्लॉडियस आणि अजितपालसिंग यांवर वाद झाला नाही. तिसऱ्या जागी गुरुजींनी उधमसिंग सुचवले. चार ऑलिंपिके, तीन सुवर्ण, एक रौप्य; क्लॉडियसच्या तोडीस तोड, आणि आघाडीवर खेळणारा असला तरी कुठेही खेळवा म्हणावे असा. मी म्हटले, बाबू निमल.

“हे कोन?” तिघेही एकदम म्हणाले.

बर्लिनच्या त्या आठ-एकच्या सामन्यात मुंबईकडचे हे बाबू नरसू निमल हाफलाइनीत होते. कलन मध्ये, गॅलिबर्डी आणि निमल दोन बाजूंना. ध्यानचंद, रूपसिंग, दारा यांनी जर्मनीच्या गोलात जे चेंडू घातले, त्यांतला एकही आभाळातून पडलेला नव्हता. १९५२ चे खाशाबा जाधवांचे कांस्यपदक महाराष्ट्राला पाठ आहे, आणि ते असलेच पाहिजे. पण त्याच्या सोळा वर्षे आधीचे हे सुवर्ण कुठल्या शाळेत कोणी सांगितल्याचे मला आठवत नाही.

“त्यायच्या नावावर गोल किती?” शेटजी.

“सांगण्यासारखा एकही नाही.”

“मंग काऊन घ्यायचं?”

“त्यासाठीच.”

गुरुजींनी कागदावर उधमसिंग पेनाने लिहिले होते. ते खोडले नाही. त्याच्या शेजारी, कम्पाउंडरच्या खिशातली पेन्सिल मागून घेऊन, बारीक अक्षरात ‘निमल’ असे लिहिले, आणि कागदाची घडी घालून खिशात ठेवली. संघात आता बारा आहेत.