तारण, विसार आणि आशा : मराठी ख्रिस्ती साहित्याच्या परिभाषेविषयी

मराठी ख्रिस्ती साहित्याविषयी समीक्षेने आजवर जे म्हटले आहे, त्याचा बराचसा भाग एका गृहीतकावर उभा आहे. ख्रिस्ती अनुभव हा मराठी संवेदनस्वभावाला मूलतः परका होता आणि संतपरंपरेच्या वाफ्यात लावला गेला म्हणूनच तो येथे रुजला, असे ते गृहीतक होय. फादर थॉमस स्टीफन्स यांनी ‘क्रिस्तपुराणा’साठी ओवी पत्करली, रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग पत्करला, या दोन घटनांभोवतीच हे विवेचन फिरत राहते. जे वारकरी परिभाषेत सामावते ते ‘वाङ्मय’ आणि जे सामावत नाही ते ‘मिशनरी’, अशी वाटणी त्यातून नकळत होऊन बसते. या वाटणीत जे बाजूला पडते, ते ख्रिस्ती श्रद्धेचे केंद्रच आहे. कृपेने, विश्वासाच्या द्वारे, न कमावता लाभणारे तारण आणि त्या तारणावर टेकलेली आशा हे ते केंद्र. हा विषय धर्मशास्त्राचा आहे, साहित्याचा नव्हे, असे म्हणून समीक्षेला मोकळे होता येणार नाही. ही श्रद्धा मराठीत आली ती मराठी शब्दांच्या अंगाने आली, आणि त्या शब्दांना आधीपासून स्वतःचे व्यवहार होते.

‘तारण’ हाच शब्द घ्यावा. तरणे, तारणे, तारू, भवसागर ही त्याची एक कुळी; ती संतांच्या वाणीतून सर्वांच्या परिचयाची आहे. दुसरी कुळी पेठेतली, गहाण-तारणाची. पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात राज्य कृषी पणन मंडळाचे कार्यालय आहे. तेथे हा शब्द आजही रोखठोक अर्थाने वावरतो. मंडळ १९९०-९१ पासून शेतमाल तारण कर्ज योजना राबवीत आले आहे. शेतकरी आपली तूर, हरभरा, सोयाबीन बाजार समितीच्या गोदामात ठेवतो, मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम उचलतो, आणि सुगीच्या गर्दीत कोसळलेला भाव वर येण्याची वाट पाहतो. येथे तारण ही वाट पाहण्याची सोय आहे. ज्याच्यापाशी तारण ठेवण्याजोगे काही नाही, त्याला पडत्या भावात विकून मोकळे व्हावे लागते. वाट पाहणेही त्याला परवडत नाही.

बायबलच्या मराठी भाषांतरांत पारमार्थिक अर्थाने हाच शब्द स्थिरावला, ही गोष्ट किरकोळ मानू नये. मोक्ष, मुक्ती, उद्धार हे पर्याय भाषेत सिद्धच होते. परंतु मोक्ष साधता येतो, मुक्ती मिळवता येते. तारण ‘साधले’ असे मराठी माणूस म्हणत नाही. ते होते, किंवा कोणी करतो. क्रियापदाच्या या वळणातच कृपेचा सिद्धान्त अर्धाअधिक सांगून होतो. पेठेचा अर्थ मात्र तेवढ्याने पुसला जात नाही. उलट तो आतून पोखरला जातो. व्यवहारात तारण ऋणकोने ठेवायचे असते. पौलाच्या पत्रांतील माणसापाशी ठेवण्यासारखे काहीच नाही. त्याच्या वतीने दुसऱ्यानेच ते ठेवले आहे. म्हणजे बाजाराचा शब्द घेऊन बाजाराचा हिशेब मोडला आहे. ‘खंडणी’ या शब्दाचेही तसेच. पुंडाने किंवा वरचढ सत्तेने वसूल करायची ही रक्कम शुभवर्तमानात देणाऱ्याच्या स्वखुशीची होते. मराठी वाचकाला या शब्दाशी आजही क्षणभर अडखळावे लागते, आणि ते अडखळणे भाषांतराचा दोष समजण्याचे कारण नाही.

या परिभाषेतील सर्वांत अर्थगर्भ शब्द बहुधा ‘विसार’ हा असावा. इफिसकरांस आणि करिंथकरांस लिहिलेल्या पत्रांत पवित्र आत्म्याला हा शब्द योजिलेला आहे. विसार दिलेला माल विकला गेलेला असतो, पण उचललेला नसतो. सौदा पक्का असतो आणि ताबा व्हायचा असतो. ख्रिस्ती आशा म्हणजे नेमकी ही मधली स्थिती होय. नुसत्या इच्छेपेक्षा ती अधिक आहे, कारण हातात काही पडलेले आहे. प्राप्तीपेक्षा ती कमी आहे, कारण उरलेले यायचे आहे. या दोन काठांमधला ताण जेथे शाबूत राहतो तेथे ख्रिस्ती साहित्याला स्वतःचा सूर सापडतो, आणि तो जेथे सुटतो तेथे ते एक तर प्रचार होते किंवा दुसऱ्याच कोणत्या तरी परंपरेची भक्तिकविता होते.

हा ताण मराठीत सांभाळणे सोपे नव्हते. ‘आशा’ हा शब्दच या भाषेत बदनाम आहे. आशापाश, आशा-तृष्णा, ‘आशाळभूत’ अशा तिच्या सोयरिका पाहिल्या की ते उघड होते. गीतेच्या चौथ्या अध्यायात ‘निराशी’ हे आदर्श पुरुषाचे विशेषण आहे, दुःखिताचे नव्हे. आशा सुटणे ही ज्या परंपरेत साधनेची पायरी आहे, तेथे विश्वास आणि प्रीती यांच्या मांडीला मांडी लावून आशेला बसविणे हे मोठे धाडस होते. संतांनी स्वतः वाट काढली होती ती ‘आस’ या तद्भव रूपातून. पंढरीची आस ही आशा नव्हे. तिला घर आहे, वाट आहे, वारीची तिथी आहे. मराठी ख्रिस्ती लेखकांपुढे म्हणून दोन मार्ग होते. ‘आशा’ या शब्दाला नवे वजन द्यायचे, किंवा त्याला ‘आस’ या शब्दाच्या घरी नेऊन ठेवायचे.

स्टीफन्स यांच्यापुढे हा प्रश्न या स्वरूपात उभाच नव्हता. राशोल येथे १६१६ मध्ये छापलेल्या त्यांच्या पुराणाची पृष्ठभूमी प्रबोधनकालीन कॅथलिक जगाची. स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणण्यात त्यांना अडचण वाटली नाही. पुढे प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांच्या काळात ‘केवळ कृपा, केवळ विश्वास’ हा आग्रह आला आणि शब्दांची पारख काटेकोर झाली. बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ (१८८८) हे या आग्रहातून आलेले आत्मचरित्र. १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेणाऱ्या या लेखकाची शोधयात्रा प्रामाणिक आहे, तपशील मोलाचा आहे. पण निवेदनाचा सारा ओढा धर्मांतराच्या क्षणाकडे असल्यामुळे तो क्षण आला की रूपबंध मिटतो. पहाट झाली, एवढेच पुस्तक सांगते. दिवसभराच्या उन्हाविषयी ते अबोल आहे.

पंडिता रमाबाईंचे तसे नाही. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यानंतर कित्येक वर्षांनी आपल्याला खरा ख्रिस्त गवसला, आधी गवसला होता तो ख्रिस्ती धर्म, असे त्यांनी १९०७ च्या आत्मनिवेदनात सांगितले आहे. म्हणजे सौदा आधी झाला होता. त्याचा अर्थ पुढे उमगला. मधल्या काळात शारदा सदन मुंबईहून पुण्यास आले आणि १८९३ च्या वादात पालकांनी मुली काढून नेल्या. कृपेच्या नावाखाली देवघेव चालते, आश्रय देऊन धर्म घेतला जातो, हा त्या वादातील खरा आरोप होता. दुष्काळात केडगावी आलेल्या मुलींविषयीही तो होत राहिला. ‘पोटासाठी बाटले’ हा मराठी वाक्प्रयोग या आरोपाची संक्षिप्त संहिताच आहे, आणि मराठी ख्रिस्ती साहित्याला त्याच्याशी सतत मुकाबला करावा लागला आहे. आयुष्याच्या अखेरीस रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणले, ते संस्कृतप्रचुर व तत्त्वज्ञानाने भारलेले शब्द टाळून, खेड्यातल्या स्त्रीला समजेल अशा भाषेत. ज्या विदुषीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या होत्या, तिने संस्कृतचे हे भांडवल खाली ठेवावे, यातील कृपेचा अर्थ समीक्षेने क्वचितच वाचला आहे.

टिळकांनी दुसरा मार्ग धरला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, ही त्यांची भूमिका प्रसिद्धच आहे. त्यांच्या ‘अभंगांजली’त ख्रिस्त गुरू आहे, माउली आहे. मराठी उपासनांत त्यांची पदे आजही ज्या आपुलकीने गायिली जातात, ती आपुलकी हीच त्या रचनेची थोरवी होय. तरीही एक गोष्ट नमूद करावयास हवी. माउलीच्या कुशीत असलेल्या लेकराला आशेची गरज उरत नाही. टिळकांच्या उत्कट अभंगांत सान्निध्य इतके भरून येते की ‘अजून यायचे आहे’ हा सूर क्षीण होतो. विसार हाच पूर्ण मोबदला ठरतो. समीक्षेने या अभंगांचा गौरव केला तो नेमका याच ठिकाणी, कारण तेथे ते सर्वाधिक ओळखीचे वाटतात. ख्रिस्ती म्हणून ते तेथेच सर्वांत कमी आहेत, असे म्हणणे थोडे कठोर होईल. पण अगदी चुकीचे होणार नाही. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडणारे टिळक, पुढच्या मिळकतीची शाश्वती न ठेवता जगू पाहणारे टिळक, आशेच्या दृष्टीने त्यांच्या कित्येक अभंगांहून अधिक बोलके आहेत.

आणि त्या टिळकांना गाठायचे तर ‘स्मृतिचित्रे’कडेच जावे लागते. लक्ष्मीबाई सिद्धान्त सांगत नाहीत. ‘तारण’, ‘कृपा’ हे शब्द त्यांच्या हातात जड होत नाहीत, कारण त्या बहुतेक वेळा पैशाविषयी, पाण्याविषयी, पाहुण्यांविषयी लिहीत असतात. बाजारातून आलेले जवळजवळ सारे धुऊन घेणाऱ्या वडिलांच्या सोवळ्यापासून हे आत्मचरित्र सुरू होते. पुढे गाठ पडते ती हातात पैसा न ठरणाऱ्या, मागेल त्याला देऊन टाकणाऱ्या नवऱ्याशी. संसाराची जमाखर्चाची वही एका बाजूला आणि हिशेबच न मानणारे देणे दुसऱ्या बाजूला, अशी या पुस्तकाची घडण आहे. टिळकांच्या औदार्याची झळ घरातल्या डब्याला लागते, आणि हे लक्ष्मीबाई लपवीत नाहीत. कृपेची किंमत कोणी तरी दिलेली असते, हे सत्य येथे स्वयंपाकघरात उतरले आहे. किंमत देणारी कित्येकदा ती देण्यास राजी नव्हती, हेही त्या हसत हसत सांगून जातात. भाबड्या भक्तिपर आत्मकथनात हे कधी घडत नाही.

१८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला; लक्ष्मीबाईंनी तो १९०० मध्ये घेतला. मधली वर्षे ही मराठी गद्यातील आशेची सर्वांत सच्ची नोंद आहे. प्रथम ताटातूट, मग एकत्र येऊनही जुने सोवळे सांभाळणे, आणि शेवटी जातिभेद देवाने केला की माणसाने, या प्रश्नाशी येऊन ठेपलेले मन. या बदलाला चमत्काराचे तेज त्यांनी चढविलेले नाही. कोणाच्याही हातचे पाणी पिण्याचा निश्चय हाच त्यांचा विश्वास. सिद्धान्ताचा उच्चार त्यामागून येतो. ‘अरुणोदया’त तर्क जिंकतो आणि जीवन मागून येते, येथे उलटे घडते. पदमनजींचे पुस्तक बाप्तिस्म्यापाशी मिटते, तर ‘स्मृतिचित्रे’ बाप्तिस्म्यानंतरही तितक्याच ओढीने चालू राहतात. बाप्तिस्मा झाल्यावरही वाण्याची उधारी, भांडणे, आजारपणे तशीच आहेत. मिळाले आहे आणि मिळायचे आहे, यांतील अंतर लक्ष्मीबाईंनी विनोदाने भरून काढले. विनोद हे आशेचे रूप असू शकते, हे मराठीत त्यांच्याइतके कोणी दाखविलेले नाही.

या विवेचनाला एक मोठा आक्षेप आहे आणि तो टाळण्यासारखा नाही. नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती समाज मुख्यतः महार-मांग जातींतून आलेला. बायबलमधील आशेला मराठीत ‘वतन’ म्हटले गेले. अक्षय, अविनाशी वतन. ज्या माणसाच्या गळ्यात महारकीच्या वतनाचा फास होता, त्याने हा शब्द कसा ऐकला असेल? १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. कनिष्ठ गावकामगारांची वतने कायद्याने गेली ती १९५८ मध्ये. तोवर हा शब्द मंदिरात वारसा होता आणि गावात वेठ. पुढे ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आंबेडकरांनी मार्गदाता आणि मोक्षदाता असा भेद केला आणि बुद्ध मार्गदाता आहे असे ठामपणे सांगितले. दुसऱ्याने आपल्यासाठी तारण ठेवावे, ही कल्पना या भेदाच्या उजेडात संशयास्पद ठरते. ज्यांना शतकानुशतके भाकर मागून खावी लागली, त्यांना ‘फुकट’ मिळालेल्या तारणात दानाचाच वास येणे स्वाभाविक होते. दान आणि भीक यांतील सीमारेषा देणाऱ्याला दिसते तितकी घेणाऱ्याला स्पष्ट नसते.

टिळकांच्या कवितेत याला उत्तर नाही. तिला हा प्रश्न पडलेलाच नाही. लक्ष्मीबाईंच्या गद्यात उत्तराचा निदान प्रारंभ आहे. तेथे कृपेने काही मिळण्याआधी ब्राह्मण्य सुटते. घेणारीच आपले वतन खाली ठेवते. मात्र हे उत्तर वरच्या जातीतून आलेल्या स्त्रीचे आहे. ज्याच्यापाशी सोडण्याजोगे वतन नव्हते, सोडविण्याजोगे होते, त्याचे उत्तर वेगळे असणार. ते शोधायचे तर ‘ज्ञानोदया’च्या १८४२ पासूनच्या फायलींतील साध्या मृत्युलेखांकडे, पत्रांकडे, गावोगावच्या भजनांकडे वळावे लागेल. गंगाधर मोरजे यांच्यासारख्या अभ्यासकांनी या वाङ्मयाची सूची आणि इतिहास यांची पायाभरणी केली आहे. त्यापुढचे काम शब्दांच्या पातळीवरचे आहे.

त्या कामात ‘ख्रिस्तायना’लाही नव्याने जागा द्यावी लागेल. १९१९ मध्ये टिळक गेले तेव्हा हे काव्य अपुरे होते. ते पुढे नेण्याचा भार लग्नानंतर अक्षर ओळख झालेल्या लक्ष्मीबाईंनी उचलला आणि त्यातील फार मोठा भाग त्यांच्या हातचा आहे. पतीचे अपुरे कार्य पत्नीने पुरे करणे, अशा कौतुकाच्या सुरात ही हकीकत नेहमी सांगितली जाते आणि काव्य मात्र न वाचताच राहते. दुसऱ्याने अर्धवट टाकलेल्या देण्याची जबाबदारी आपल्या अंगावर घेणारी ही कवयित्री तारणाच्या प्रसंगांपाशी कोणते शब्द वापरते, पतीची माउली ती ठेवते की बदलते, हे दोघांच्या रचना शेजारी ठेवून पाहिले पाहिजे.