स्वायत्तता आणि संशोधनपरंपरा : सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या संदर्भात एक चिकित्सा

जेझुइट धर्मगुरूंनी १८६९ मध्ये मुंबईत स्थापन केलेले सेंट झेवियर्स महाविद्यालय हे महाराष्ट्रातील कॅथलिक उच्चशिक्षणाचे ठळक उदाहरण होय. २०१० मध्ये त्यास स्वायत्तता मिळाली. परिणामी, त्याच्या लौकिकाचे श्रेय स्वायत्ततेस देण्याची प्रवृत्ती दिसते. तिची चिकित्सा आवश्यक आहे.

फादर ब्लॅटर यांच्या परिश्रमांतून विसाव्या शतकाच्या आरंभी येथे वनस्पतिसंग्रह उभा राहिला. फादर हेरास यांनी १९२६ मध्ये इतिहास संशोधन संस्था स्थापिली. येथील अध्यापक फादर सांतापाव पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे प्रमुख झाले. हे सर्व कार्य महाविद्यालय विद्यापीठाशी संलग्न असताना, विद्यापीठाचाच अभ्यासक्रम शिकवीत घडले. म्हणजेच संशोधनपरंपरा स्वायत्ततेपूर्वीची आहे.

या परंपरेच्या मर्यादाही लक्षात घेतल्या पाहिजेत. व्रतस्थ अध्यापकांची आजीवन सेवा, धर्मसंघाचे पाठबळ आणि महानगराचे सान्निध्य ही अनुकूलता ग्रामीण महाविद्यालयांस लाभत नाही. शिवाय, ज्या संघातील फादर स्टीफन्स यांनी मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ रचले, त्याच संघाच्या या महाविद्यालयात ज्ञानव्यवहाराची भाषा प्रामुख्याने इंग्रजीच राहिली.

तथापि, परिसराची चिकाटीने नोंद ठेवण्याची वृत्ती अनुकरणीय आहे. यवतमाळ जिल्ह्यात कोलामी भाषा, टिपेश्वरचे अरण्य व कोरडवाहू कापूसशेती हे विषय महाविद्यालयांच्या दाराशी आहेत. त्यांच्या अभ्यासास प्रारंभ करण्यासाठी स्वायत्ततेची प्रतीक्षा करण्याचे कारण नाही.