‘लाभार्थी’ आणि ‘सभासद’ : सार्वजनिक गृहनिर्माणाच्या मराठी परिभाषेची चिकित्सा

सार्वजनिक गृहनिर्माणाचा विचार बहुधा जमीन, पैसा आणि कायदा या तीन अंगांनी केला जातो. भाषा हे त्याचे चौथे अंग आहे, याकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. घर कोणी दिले, कोणाला मिळाले, ते कोणी राखावयाचे आणि बिघाड झाला तर जाब कोणी द्यावयाचा, या प्रश्नांची उत्तरे योजनांच्या कागदपत्रांत शब्दांच्या निवडीतून व वाक्यांच्या घडणीतून आधीच ठरून जातात. ‘रहिवाशांचा सहभाग’ हा आजच्या गृहनिर्माणविषयक लेखनातील परवलीचा शब्दप्रयोग आहे. ज्या भाषेत हा सहभाग मागितला जातो, तिच्यात सहभागी होणाऱ्या माणसाला जागा तरी आहे काय, हे तपासणे अगत्याचे आहे.

प्रथम ‘लाभार्थी’ हा शब्द घ्यावा. ‘अर्थी’ हे उत्तरपद इच्छा करणारा या अर्थी येते. विद्येची इच्छा करणारा तो विद्यार्थी, लाभाची इच्छा करणारा तो लाभार्थी. परंतु विद्यार्थी या शब्दाला व्यवहारात प्रयत्नाचा अर्थ चिकटलेला आहे. विद्या कोणी हातावर ठेवीत नाही. ती मिळवावी लागते. लाभार्थी या शब्दातून तो प्रयत्न गळून पडला आहे. आजच्या वापरात ज्याला लाभ दिला गेला वा दिला जाणार आहे, एवढाच त्याचा अर्थ उरला आहे. त्याच्या सोबतचे शब्दही त्याच कुळातले आहेत. ‘पात्र’ म्हणजे मुळात भांडे, आणि लक्षणेने दान घेण्यास योग्य अशी व्यक्ती. ‘वाटप’ प्रसादाचे होते, शिधाधान्याचे होते आणि सदनिकांचेही होते. पात्र, वाटप आणि लाभार्थी हे तीन शब्द एकत्र आले की दानाचे चित्र पुरे होते. या चित्रात घेणाऱ्याने रांगेत उभे राहावे आणि आपले नाव यादीत असल्याची खात्री करून घ्यावी, एवढेच त्याचे काम असते.

ही परिभाषा पूर्वीपासून अशीच होती असे मात्र नाही. मुंबईत १९२० नंतर विकास खात्याने बांधलेल्या, बी. डी. डी. चाळी या नावाने ओळखल्या गेलेल्या वसाहतींतील माणूस ‘भाडेकरू’ होता. भाडेकरू हा शब्द संबंधवाचक आहे. त्याच्या समोर ‘मालक’ उभा असल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही. मालक सरकार असो वा खाजगी गृहस्थ, भाडेकरूने भाडे द्यावयाचे आणि मालकाने इमारत राखावयाची, हा उभयपक्षी व्यवहार त्या जोडीतच गृहीत होता. तो पुढे नीट चालला नाही, ही गोष्ट वेगळी. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने खाजगी चाळींची भाडी गोठली, मालकांनी डागडुजीतून अंग काढून घेतले, आणि अखेर १९६९ साली मुंबईतील जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी स्वतंत्र मंडळ स्थापावे लागून त्यासाठी उपकर बसविण्यात आला. पण तंटा उभा राहिला तर तो कोणाकोणात आहे, हे भाषेला ठाऊक होते. लाभार्थ्याच्या समोर असा कोणताच शब्द नाही. दात्याचे नाव कोठेही उच्चारलेले नसते, त्यामुळे त्याच्याकडे काही मागावयाची सोयही उरत नाही.

या परिभाषेतील एक महत्त्वाचा भेद सांगलीजवळच्या माधवनगरच्या सीमेवर स्पष्ट दिसतो. सांगलीच्या उत्तरेस, बुधगावच्या वाटेवर असलेली ही व्यापाराची व कापडधंद्याची वस्ती सांगली शहराला जवळजवळ लागून आहे. तरी १९९८ साली स्थापन झालेल्या सांगली, मिरज आणि कुपवाड महानगरपालिकेच्या हद्दीबाहेर असल्याने तिचा कारभार ग्रामपंचायतीकडे आहे. हद्दीची ही रेषा जमिनीवर क्वचितच जाणवते. शब्दांत मात्र ती ठळक आहे. रेषेच्या ग्रामीण बाजूस सरकारी साहाय्याच्या घराला ‘घरकुल’ म्हणतात, तर शहरी बाजूस बहुमजली इमारतीतील घराला ‘सदनिका’. घरकुल हा मायेचा, लहानपणाचा शब्द आहे. सदनिका हा संस्कृत ‘सदन’ शब्दावरून घडविलेला, कचेरीत जन्मलेला शब्द आहे.

नामांपेक्षाही त्यांच्याशी जुळणारी क्रियापदे अधिक बोलकी आहेत. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात सपाट प्रदेशासाठी १ लाख २० हजार रुपयांचे मूळ साहाय्य ठरविले गेले. ते हप्त्याहप्त्याने कुटुंबाच्या खात्यावर जमा व्हावे आणि घर कुटुंबानेच उभारावे, ठेकेदार नेमू नये, असा दंडक आहे. पात्र कुटुंबांची यादी ग्रामसभेपुढे पडताळणीसाठी येते. त्यामुळे गावातील माणूस ‘मी घरकुल बांधले’ असे म्हणू शकतो. शहरातील माणूस ‘मला सदनिका मिळाली’ असे म्हणतो. पहिल्या वाक्यात माणूस कर्ता आहे. दुसऱ्या वाक्यात सदनिका कर्त्याच्या जागी बसली आहे आणि माणूस चतुर्थीत सरकला आहे. ‘मिळणे’ या क्रियापदाचा हा धर्मच आहे. वस्तू मिळते, माणसाला ती मिळते. व्याकरणातील ही विभक्ती पुढे वस्तीच्या व्यवहारातही टिकून राहते. ज्याने घर बांधले त्याला भिंतीत कोठे काय आहे ते ठाऊक असते. ज्याला ते मिळाले त्याला ते विचारावे लागते. ग्रामीण योजनेत यादीचे वाद, हप्त्यांचे विलंब आणि वशिल्याच्या तक्रारी नाहीत, असा याचा अर्थ नव्हे. परंतु तेथे तक्रार करणारा माणूस निदान वाक्याचा कर्ता असतो.

शासकीय मराठीचा आणखी एक विशेष येथे विचारात घेतला पाहिजे. ‘समिती स्थापन करण्यात यावी’, ‘देखभाल करण्यात येईल’, ‘रहिवाशांना विश्वासात घेण्यात यावे’, या धर्तीची वाक्यरचना कोणत्याही योजनेच्या कागदात पावलोपावली आढळते. या रचनेत कर्ता सांगण्याची गरजच उरत नाही. आदेश देणाऱ्या यंत्रणेच्या दृष्टीने ती सोयीची आहे, कारण अधिकारी बदलले तरी वाक्य बदलावे लागत नाही. घर देण्याच्या क्षणी या रचनेने फारसे बिघडत नाही, कारण देणारा कोण ते सर्वांना माहीत असते. खरी परीक्षा किल्ल्या हाती आल्यानंतर होते. पाण्याचा पंप बंद पडला, जिन्यातला दिवा गेला, सांडपाण्याची नळी तुंबली, की ‘देखभाल करण्यात यावी’ या वाक्याला कर्ता शोधावा लागतो. पालिका म्हणते, इमारत हस्तांतरित झाली. ठेकेदार म्हणतो, मुदत संपली. रहिवासी म्हणतात, आम्हांला हे कोणी सांगितले नव्हते. तिघांचेही म्हणणे कागदाशी विसंगत ठरत नाही, कारण कागदात कर्ता नव्हताच. ज्याला व्यवस्थापनाचा प्रश्न म्हणतात त्याचा मोठा भाग असा वाक्यातून वगळलेल्या कर्त्याचा प्रश्न असतो.

‘सहभाग’ हा शब्द ही उणीव भरून काढील, अशी अपेक्षा होती. पण तोही ‘सहभागी करून घेणे’ या रूपातच अधिक येतो. ‘पालिका रहिवाशांना सहभागी करून घेते’ या नमुन्याच्या वाक्यात कर्ता पालिका आहे आणि रहिवासी कर्माच्या जागी आहेत. माणसाचा भाग घेण्याचा अधिकार येथे दुसऱ्याच्या मर्जीवर सोपविला गेला आहे. ‘संमती’ या शब्दाची गत याहून फारशी निराळी नाही. १९९५ च्या मुंबईतील झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत झोपडीधारकांना विनामूल्य घर देऊन विकासकाला विक्रीसाठी जादा बांधकामाची मुभा देण्यात आली. त्यासाठी ७० टक्के झोपडीधारकांची संमती आवश्यक होती. पुढे हे प्रमाण ५१ टक्क्यांवर आणले गेले. या टक्केवारीवर पुष्कळ वाद झाला. परंतु टक्केवारी कितीही असली तरी संमती ही एकदाच, एका कागदावर, दुसऱ्याने मांडलेल्या प्रस्तावाला दिली जाते. सहभाग ही चालू राहणारी क्रिया आहे. पहिलीची मोजणी दुसऱ्याच्या नावावर जमा करणे हा केवळ शब्दाचा सैल वापर नव्हे. त्यात हिशेबाची चूक आहे.

‘भागीदार’ या शब्दाचे तर अवमूल्यनच झाले आहे. पालिका, स्वयंसेवी संस्था, ठेकेदार, बँका आणि रहिवासी या सर्वांना एका दमात भागीदार म्हणण्याची प्रथा पडली आहे. हळदीच्या व्यापारावर वाढलेल्या सांगलीच्या पेठेत या शब्दाचा अर्थ कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. भागीदार म्हणजे नफ्यातोट्यात वाटा असलेला आणि वह्या पाहण्याचा अधिकार असलेला माणूस. १९३२ च्या भागीदारी कायद्याचा आशयही याहून वेगळा नाही. या कसोटीवर घासून पाहिले तर गृहनिर्माणातील बहुतेक भागीदार त्या नावाला पात्र ठरत नाहीत. तोटा होतो तो रहिवाशाच्या घरात. वह्या असतात त्या इतरांच्या कपाटात. ज्याला हिशेब पाहावयास मिळत नाही त्याला भागीदार म्हणणे हा शिष्टाचार असेल, पण ते वर्णन नव्हे.

या संदर्भात सांगली-मिरजेतीलच एका कामाची नोंद घ्यावी लागते. पुण्याच्या शेल्टर असोसिएट्स या संस्थेने येथील झोपडपट्ट्यांचे घरोघर सर्वेक्षण करून वस्त्यांचे नकाशे तयार केले. २००५ च्या अखेरीस केंद्र शासनाने सुरू केलेल्या एकात्मिक गृहनिर्माण व झोपडपट्टी विकास कार्यक्रमाखाली महानगरपालिकेने जो गृहप्रकल्प हाती घेतला, त्यात या माहितीचा उपयोग झाला. नकाशा हीसुद्धा एक भाषा आहे. ‘झोपडपट्टी’ या एकवचनी नामात सारी घरे एका पट्टीसारखी सपाट होतात. घरोघरच्या नकाशात प्रत्येक घर वेगळे उभे राहते आणि त्यात राहणारा माणूस ‘माझे घर हे नव्हे, ते’ असे बोट ठेवून सांगू शकतो. कृष्णेच्या काठावरील ज्या शहराने २००५ आणि २०१९ चे महापूर पाहिले, तेथे घर नेमके कोठे आहे हा प्रश्न केवळ नोंदवहीचा राहत नाही.

आतापर्यंतच्या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. शब्द बदलल्याने छप्पर गळावयाचे थांबत नाही, आणि वाईट शब्दांच्या छायेतही चांगली कामे झालेली आहेत. आक्षेप निराधार नाही. सोलापूरचे उदाहरण या दृष्टीने मोलाचे आहे. तेथे विडी कामगार स्त्रियांनी नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली घरांसाठी दीर्घ लढा दिला. कुंभारी येथे कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाने सुमारे १० हजार घरांची वसाहत उभी राहिली व २००६ साली तिचे हस्तांतरण झाले. त्यानंतर असंघटित कामगारांसाठी ३० हजार घरांचा रे नगर प्रकल्प हाती घेण्यात आला आणि १९ जानेवारी २०२४ रोजी त्यातील १५ हजार घरांच्या किल्ल्या देण्यात आल्या. शासनाच्या कागदांत या स्त्रिया लाभार्थीच होत्या. तरीही प्रकल्प त्यांचा ठरला.

परंतु नीट पाहिले असता हे उदाहरण मूळ प्रतिपादनाला बाध न आणता त्याला मर्यादा घालून अधिक नेमके करते. या स्त्रिया योजनेच्या यादीत येण्यापूर्वी संघटनेत आणि सहकारी संस्थेत आलेल्या होत्या. लाभार्थी हे नाव त्यांना नंतर मिळाले. ‘सभासद’ हे नाव त्यांनी आधी घेतले होते. सभासद म्हणजे सभेत बसणारा. ज्याला सभेत बसावयाचा अधिकार आहे त्याला बोलण्याचा, विचारण्याचा आणि मत देण्याचाही आहे, आणि वर्गणी देण्याचे कर्तव्यही आहे. बहुतेक पुनर्वसन प्रकल्पांत हा क्रम उलटा असतो. माणूस आधी लाभार्थी होतो, किल्ली घेतो, आणि नंतर १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखाली नोंदलेल्या गृहनिर्माण संस्थेचा सभासद म्हणून त्याचे नाव चढते. त्या वेळी सभासदत्व हे त्याला मिळालेल्या वस्तूंपैकी आणखी एक असते. म्हणून ‘लाभार्थी’ खोडून ‘सभासद’ लिहिल्याने काम भागणार नाही. शब्दाच्या आधी सभा भरली पाहिजे. आराखडा पक्का होण्यापूर्वी, ठेकेदार ठरण्यापूर्वी आणि देखभालीचा खर्च किती येईल हे समजण्यापूर्वी नव्हे, तर ते समजावून देऊन.

शेवटी ‘शाश्वत’ या विशेषणाचा विचार करणे इष्ट होईल. ‘शाश्वत गृहनिर्माण’ हा शब्दप्रयोग आता रुळला आहे. तथापि शाश्वत म्हणजे ज्याला अंत नाही ते. तत्त्वज्ञानात हा शब्द नश्वराच्या विरोधात येतो. इमारत कधीही शाश्वत नसते. तिला शाश्वत म्हटले की तिची निगा राखण्याची गरजच जणू शब्दातून पुसली जाते. ‘टिकाऊ’ हा साधा शब्द अधिक प्रामाणिक आहे, पण तो वस्तूपुरता आहे. माणूस आणि घर या दोहोंना मिळून लागू पडणारे क्रियापद मराठीत फार पूर्वीपासून आहे, ते म्हणजे ‘नांदणे’. माणसे नांदतात आणि घरही नांदते. या क्रियापदाला कर्ता लागतो. ‘नांदण्यात यावे’ असा आदेश कोणत्याही कचेरीला काढता आलेला नाही.

तात्पर्य, सार्वजनिक गृहनिर्माणाच्या कोणत्याही मराठी दस्तऐवजाला तीन प्रश्न विचारले पाहिजेत. देखभालीच्या वाक्याला कर्ता आहे काय? रहिवासी ज्या वाक्यांत येतो त्यांपैकी किती वाक्यांत तो प्रथमेत आहे आणि किती वाक्यांत चतुर्थीत? ज्याला भागीदार म्हटले आहे त्याला हिशेब पाहता येतो काय? २०२५ च्या मे महिन्यात राज्य मंत्रिमंडळाने नवे गृहनिर्माण धोरण मंजूर केले. त्याखाली निघणाऱ्या प्रत्येक आदेशाला हेच प्रश्न लागू आहेत. त्यांची उत्तरे शोधण्यास वास्तुशास्त्राचे वा अर्थशास्त्राचे ज्ञान लागत नाही, व्याकरणाचे पुरते. भाषाविभागातील अभ्यासकांनी हे काम हाती घेतले, तर परिभाषाकोशात नव्या शब्दांची भर घालण्याइतकेच ते उपयुक्त ठरेल.